ॲनोडीकरण : ॲल्युमिनियमच्या यंत्रभागांचे अंगचे कवच

भंडारा शहराची जुनी ओळख पितळी भांड्यांचे गाव अशी आहे. 'भाणा' म्हणजे पितळी ताट, या शब्दावरून गावाचे नाव पडले अशी एक व्युत्पत्तीही सांगितली जाते. धातू तापविणे, ठोकणे, घासणे आणि त्यास झळाळी आणणे ही कौशल्ये येथील कारागिरांच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहेत. पुढे ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघरी पोहोचली आणि पितळेची मागणी ओसरली. त्याच सुमारास जिल्ह्याचे औद्योगिक चित्रही पालटू लागले. जवाहरनगरची आयुध निर्माणी, वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा मोटारगाड्यांच्या भागांचा कारखाना हे उद्योग जिल्ह्यात आले. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात अंबाझरी येथील आयुध निर्माणीत ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे काम होते, तर मौदा येथे ॲल्युमिनियमचे पत्रे व पातळ पापुद्रे तयार होतात.

अशा परिसरात लेथ किंवा मिलिंग यंत्रावर ॲल्युमिनियमचे सुटे भाग घडविण्याचा लघुउद्योग आयटीआयमधून बाहेर पडलेल्या तरुणास सुचणे स्वाभाविक आहे. परंतु भाग घडवून झाला म्हणजे काम संपले असे होत नाही. ग्राहकाने दिलेल्या आराखड्याच्या तळाशी बहुधा एक लहानशी ओळ असते : 'ॲनोडायझिंग, अमुक मायक्रॉन.' नगाचे अंतिम माप आणि त्याची किंमत या एका ओळीने ठरते. कारखान्यातून गावाच्या नाल्यात कोणते पाणी जाईल, हेही तिच्यावरच अवलंबून असते. म्हणून हा विषय जसा कारागिराचा, तसाच तो शिक्षकाचा आणि पंचायत सदस्याचाही आहे.

कल्हई, मुलामा आणि ॲनोडीकरण

पितळी भांड्याला कल्हई करतात तेव्हा कथलाचा पातळ थर बाहेरून चढविला जातो. तो झिजला की पुन्हा कल्हई करावी लागते. विजेच्या साहाय्याने निकेल वा क्रोमियमचा मुलामा देतात तेव्हाही परक्या धातूचा थर वर बसतो. या कामात नग बॅटरीच्या ऋण टोकास, म्हणजे ऋणाग्रास जोडलेला असतो.

ॲनोडीकरणात नेमके उलट घडते. येथे नग धन टोकास, म्हणजे धनाग्रास जोडतात. धनाग्रास इंग्रजीत 'ॲनोड' म्हणतात, त्यावरूनच या क्रियेस नाव मिळाले. धनाग्रावर ऑक्सिजन ओढला जातो आणि पृष्ठभागावरील ॲल्युमिनियमशी संयोग पावून त्याचे ऑक्साइड बनते. बाहेरून काही आणून लावलेले नसते. धातूचाच वरचा भाग कवचात रूपांतरित होतो. त्यामुळे हे कवच कल्हईसारखे सुटून निघत नाही.

धनाग्रावर घडणाऱ्या क्रियेचे एक उदाहरण जिल्ह्यातच आहे. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथे मॅंगनीजच्या खाणीजवळ विद्युत् पद्धतीने मॅंगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा प्रकल्प आहे. तेथे विद्रावातील मॅंगनीज धनाग्रावर डायऑक्साइडच्या रूपाने साचते आणि मग ते खरवडून काढतात. ॲनोडीकरणात विद्रावातून धातू येत नाही, तो धनाग्र झालेल्या नगानेच पुरवायचा असतो. एवढा फरक ध्यानी घेतला की पुढील सर्व गोष्टी उलगडत जातात.

ॲल्युमिनियम उघड्या हवेत ठेवले तरी त्यावर ऑक्साइडचा पडदा आपोआप येतो. परंतु त्याची जाडी एका मायक्रॉनच्या काही सहस्रांशांइतकीच असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ॲनोडीकरणाने हाच पडदा ५ पासून ५० मायक्रॉनपर्यंत आणि प्रसंगी त्याहूनही जाड करता येतो. रासायनिक दृष्ट्या हे ऑक्साइड आणि धार लावण्याच्या दगडातील कुरुंद हे एकच द्रव्य होय. फक्त कवचातील कणांची रचना कुरुंदासारखी स्फटिकमय नसते. मऊ ॲल्युमिनियमला ओरखड्यांपासून आणि खाऱ्या, दमट हवेपासून वाचविण्याचे सामर्थ्य त्यास येथूनच मिळते.

ही विद्या शंभर वर्षांची आहे. १९२३ साली इंग्लंडमध्ये बेंगो व स्टुअर्ट यांनी समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचविण्यासाठी क्रोमिक अम्लाची पद्धत काढली. १९२७ मध्ये गंधकाम्लाची पद्धत पुढे आली. ती स्वस्त असल्यामुळे आज बहुतेक काम तिनेच चालते.

टाक्यांची रांग

ॲनोडीकरणाचा कारखाना म्हणजे एकापुढे एक मांडलेल्या टाक्यांची रांग होय. पहिल्या टाकीत नगावरील तेल व वंगण धुतात. दुसरीत दाहक सोड्याचे, म्हणजे कॉस्टिक सोड्याचे ऊन द्रावण असते. ते जुना पडदा खाऊन पृष्ठभाग एकसारखा मंद करते. मात्र सोडा धातूही खातो. म्हणून काटेकोर मापाचा नग येथे अगदी थोडा वेळ बुडवितात किंवा ही पायरी वगळतात. सोड्याच्या स्नानानंतर नगावर मिश्रधातूतील तांबे, सिलिकॉन इत्यादींची काळपट काजळी राहते. ती नायट्रिक अम्लाने काढतात. प्रत्येक पायरीनंतर स्वच्छ पाण्याने धुणे आवश्यक असते.

मुख्य टाकीत दर लिटरला सुमारे १६५ ते २०० ग्रॅम गंधकाम्ल असलेला विद्राव असतो. त्याचे तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअस राखतात. शिशाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ऋणाग्राचे काम करतात. नग ॲल्युमिनियमच्या किंवा टिटॅनियमच्या सांगाड्यावर घट्ट अडकवून टाकीत सोडतात आणि १२ ते २० व्होल्टचा एकदिश प्रवाह देतात. प्रवाहाचे प्रमाण पृष्ठभागाच्या दर चौरस डेसिमीटरला साधारण दीड अँपिअर असते. दर अँपिअरला, दर मिनिटाला ०.३ मायक्रॉन हा जाडीचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दीड अँपिअरने अर्ध्या तासात सुमारे १३ मायक्रॉनचे कवच तयार होते.

कवच तयार होत असतानाच अम्ल त्यास थोडे थोडे विरघळवीत असते. त्यामुळे त्यात मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. या छिद्रांत रंग शोषला जातो. मोहाडी, आंधळगावकडील कोशाच्या धाग्याने रंग प्यावा, तसे हे कवच रंग पिते. रंग दिल्यानंतर छिद्रे बुजवावी लागतात. त्यासाठी नग ९६ अंशांहून अधिक तापलेल्या शुद्ध पाण्यात, जाडीच्या दर मायक्रॉनला दोन ते तीन मिनिटे, ठेवतात. ऑक्साइड पाणी धरून फुगते आणि छिद्रांची तोंडे बंद होतात. ही पायरी घाईने उरकली तर रंग जातो, डाग पडतात आणि गंजही लवकर धरतो. सर्व टाक्यांतील श्रम या शेवटच्या टाकीत वाया जाऊ शकतात.

माप लेथवरच ठरते

यंत्रभाग करणाऱ्याने सर्वांत अधिक लक्ष द्यावे असा मुद्दा मापाचा आहे. कवच काही अंशी धातूच्या आत शिरते व काही अंशी बाहेर वाढते. गंधकाम्लाच्या सामान्य पद्धतीत जाडीचा सुमारे दोन तृतीयांश भाग आत व एक तृतीयांश बाहेर असतो. थंड टाकीतील कठीण ॲनोडीकरणात निम्मा आत व निम्मा बाहेर असतो.

समजा, २५ मिलिमीटर व्यासाचा दांडा आहे. त्यावर १२ मायक्रॉनचे सामान्य कवच दिले तर प्रत्येक बाजूस ४ मायक्रॉन वाढ होते आणि व्यास २५.००८ मिलिमीटर होतो. त्यावरच ५० मायक्रॉनचे कठीण कवच दिले तर व्यास २५.०५० मिलिमीटर होईल. ज्या छिद्रात तो दांडा बसवायचा, त्यावरही कवच दिल्यास छिद्राचा व्यास तितकाच कमी होईल. दोन्ही भाग लेथवरून उतरताना एकमेकांत सहज बसत असतील आणि टाकीतून निघाल्यावर बसत नसतील, तर चूक टाकीची नव्हे. ही वाढ कातकामाच्या वेळीच वजा करावयास हवी होती.

आट्यांच्या बाबतीत हा परिणाम आणखी वाढतो. आट्याची बाजू तिरपी असल्याने त्याच्या परिणामी व्यासात एका बाजूच्या वाढीच्या चौपट फरक पडतो. ५० मायक्रॉनच्या कठीण कवचामुळे हा फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका होतो. लहान आट्यांना तो सोसत नाही. म्हणून आटे झाकून ठेवावेत किंवा आधीच मोठे काढावेत.

कवच पृष्ठभागाशी काटकोनात वाढते. त्यामुळे धारदार कोपऱ्यावर दोन्ही बाजूंची वाढ जुळत नाही आणि तेथे भेग पडून कवच टवके उडून जाते. ५० मायक्रॉनच्या कवचासाठी कोपऱ्यास सुमारे दीड मिलिमीटर त्रिज्येची गोलाई द्यावी. एका बाजूने बंद असलेल्या खोल छिद्रात अम्ल अडकून राहते व पुढे पाझरून डाग पाडते. नगात पितळी बुश किंवा लोखंडी पिन बसविलेली असेल तर ती टाकीत जाण्यापूर्वी काढलीच पाहिजे. अन्यथा अम्ल व प्रवाह मिळून तिला खातात आणि शेजारच्या ॲल्युमिनियमवर कवच नीट बसत नाही. सांगाड्याने ज्या जागी नग पकडलेला असतो तेथे कवच येत नाही, हेही आराखडा करणाऱ्याने आधीच गृहीत धरावे.

धातूची निवड हाही आराखड्याचाच भाग आहे. मॅग्नेशियम व सिलिकॉन अल्प प्रमाणात असलेल्या मिश्रधातूंवर, म्हणजे बाजारात ६०६३, ६०६१ व ६०८२ या क्रमांकांनी मिळणाऱ्या मालावर, स्वच्छ व एकसारखे कवच येते. तांबे अधिक असलेल्या, २००० मालिकेतील मिश्रधातूंवर ते मऊ व कमी टिकाऊ होते. साच्यात दाबून ओतलेल्या, सिलिकॉन भरपूर असलेल्या भागांवर ते करडे व डागाळलेले दिसते. स्वस्त धातू घेऊन सुंदर रंगाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

भारतीय मानक आयएस १८६८ हे ॲल्युमिनियमवरील ॲनोडीकरणाच्या कवचाविषयी आहे. ग्राहकाशी करार करताना धातूचा क्रमांक, कवचाची जाडी आणि मापे कवचापूर्वीची की कवचानंतरची, या तीन गोष्टी लिहून घेतल्यास बहुतेक वाद टळतात.

वैदर्भीय उन्हाळा आणि विजेचे बिल

भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. ॲनोडीकरणाच्या टाकीस मात्र २० अंशांच्या आसपासचे तापमान लागते. टाकी तापली की अम्ल कवचास अधिक वेगाने विरघळविते. मग ते मऊ व भुकटीसारखे होते, बोटाने घासल्यास पांढरी पूड निघते.

उष्णता केवळ हवेतून येत नाही. एक चौरस मीटर पृष्ठभागाच्या नगांस दीड अँपिअरच्या हिशेबाने १५० अँपिअर प्रवाह लागतो. व्होल्टेज १६ धरल्यास ही २,४०० वॅट शक्ती झाली. अर्ध्या तासात १.२ युनिट वीज खर्च होते आणि तिचा जवळजवळ सर्व भाग उष्णता होऊन टाकीतच उतरतो. रासायनिक क्रियेची उष्णता आणखी वेगळी. म्हणून विद्राव थंड करणारे यंत्र व तो ढवळण्यासाठी हवेचा पुरवठा ही येथे चैन नसून मूलभूत गरज आहे. कठीण ॲनोडीकरणासाठी तर टाकी ० ते ५ अंशांवर ठेवावी लागते आणि प्रवाहही अधिक द्यावा लागतो. प्रकल्प अहवाल तपासणाऱ्या अधिकाऱ्याने व बँकेने शीतकरणाची तरतूद आणि उन्हाळ्यातील वीजपुरवठा या दोन बाबी अवश्य पाहाव्यात. भांडवल वाचविण्यासाठी ही तरतूद गाळणारा प्रकल्प हिवाळ्यात चालेल, पण एप्रिलपासून त्याचा माल परत येऊ लागेल.

कामगाराची सुरक्षितता

अम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी अम्लात कधीही ओतू नये. ऋणाग्राशी हायड्रोजन वायू सुटतो आणि सोड्याच्या टाकीतही तो निर्माण होतो. म्हणून खेळती हवा व वायू ओढून घेणारे पंखे हवेत आणि टाकीजवळ विडी-काडी पूर्ण वर्ज्य असावी. अम्लाचे तुषार फुप्फुसांस घातक असतात. दाहक सोड्याचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. चष्मा, रबरी हातमोजे, बूट व अंगावरील रबरी वस्त्र यांविना कोणासही टाकीवर उभे करू नये. डोळे धुण्याचा वाहता नळ टाकीपासून चार पावलांवर असावा.

वैनगंगेचा हिशेब

ॲनोडीकरणात सर्वांत जास्त खर्च होते ते पाणी. प्रत्येक टाकीनंतर नग धुतला जातो आणि त्याबरोबर अम्ल, सोडा व विरघळलेले ॲल्युमिनियम धुवणात उतरते. छिद्रे बुजविण्यासाठी निकेलचे क्षार वापरले असतील तर निकेलही उतरते. नागपूरच्या नाग नदीचे सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेस मिळून गोसीखुर्द जलाशयात पोहोचते. त्याचा त्रास काय असतो, हे पवनी व भंडारा तालुक्यांतील नदीकाठच्या गावांना सांगण्याची गरज नाही. त्यात लहानशा कारखान्याच्या अम्लाची भर कोणासच नको आहे.

अम्ल शमविण्याचा उपाय मात्र अवघड नाही. एक किलो शुद्ध गंधकाम्ल शमविण्यास सुमारे पाऊण किलो विरलेला चुना लागतो. त्यातून सुमारे पावणेदोन किलो जिप्सम तयार होते. त्याबरोबर ॲल्युमिनियमचाही चिकट पांढरा गाळ तळाशी बसतो. अम्ल नाहीसे होते, पण गाळ उरतो. त्याची व्यवस्था लावल्याखेरीज काम पुरे होत नाही. धातूंवरील पृष्ठप्रक्रियेचा गाळ २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांखाली येतो. तो शेतात, खदानीत वा रस्त्याच्या भरावात टाकता येत नाही. विदर्भासाठी बुटीबोरी येथे अशा कचऱ्याची सामाईक सुविधा आहे.

आपल्या हद्दीत असा उद्योग येत असल्यास ग्रामपंचायतीने पुढील पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत :

१. रोज किती पाणी लागणार व ते कोठून घेणार? एकच धुण्याची टाकी असल्यास पाणी फार जाते. दोन-तीन टाक्या मांडून पाणी नगांच्या उलट दिशेने फिरविल्यास मोठी बचत होते.

२. धुवणाचे पाणी शमविण्याची टाकी किती क्षमतेची आहे? बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ या मर्यादेत असावा लागतो. मातीपरीक्षणामुळे सामू हा शब्द शेतकऱ्यास परिचित आहेच.

३. छिद्रे केवळ गरम पाण्याने बुजविणार की निकेलच्या क्षारांनी? निकेल असल्यास त्याची वेगळी तपासणी कोण करणार?

४. गाळ कोठे साठविणार, कोणास देणार व त्याची नोंद कोठे ठेवणार?

५. १९७४ च्या जल अधिनियमानुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीसाठी व चालविण्यासाठी लागणारी संमती घेतली आहे काय?

हे प्रश्न उद्योगास अडविण्यासाठी नाहीत. ज्याच्याजवळ त्यांची उत्तरे तयार आहेत, तोच उद्योजक टिकतो. ज्याच्याजवळ नाहीत, त्याचा कारखाना एक दिवस बंद पडतो, गावातील मुलांचा रोजगार जातो आणि दूषित विहीर गावाकडे राहते.

शाळेसाठी एक निर्धोक प्रयोग

गंधकाम्लाचा प्रयोग शाळेत करू नये. तो आयटीआय किंवा तंत्रनिकेतनात, जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावा. परंतु ॲनोडीकरण समजावून देण्यास स्वयंपाकघरातील वस्तू पुरेशा आहेत. बाजारात मिळणारी काळपट करड्या रंगाची 'हार्ड ॲनोडाइज्ड' कढई आणि साधे ॲल्युमिनियमचे पातेले घ्यावे. टॉर्चचा सेल, लहान दिवा व दोन तारा जोडून तारांची टोके पातेल्यावर टेकवावीत, दिवा लागतो. कढईच्या काळ्या पृष्ठभागावर ती अलगद टेकवावीत. दिवा लागत नाही. धातू तोच असून वीज वाहत नाही, कारण मध्ये ऑक्साइडचे कवच आहे. कारखान्यात कवच सर्वत्र आले की नाही हे तपासण्याची एक सोपी रीतही हीच आहे.

विद्यार्थ्यांना यासोबत एक घरगुती सूचनाही द्यावी. हे कवच चिंच-टोमॅटोच्या आंबटपणास दाद देत नाही, पण धुण्याच्या सोड्यासारख्या क्षारांनी ते हळूहळू खाल्ले जाते. म्हणून अशी भांडी सोड्याने घासू नयेत. ॲल्युमिनियमचे ऑक्साइड तीव्र अम्ल व तीव्र क्षार या दोघांशीही क्रिया करते, हा पाठ्यपुस्तकातील नियम येथे प्रत्यक्ष दिसतो.

उपसंहार

ॲनोडीकरणाचे काम टाकीत सुरू होत नाही आणि टाकीत संपतही नाही. त्याचा आरंभ आराखड्यावर होतो, जेथे धातू निवडला जातो आणि कवचाची वाढ मापातून वजा केली जाते. शेवट सांडपाण्याच्या तोंडाशी होतो, जेथे अम्ल शमलेले आणि गाळ मोजलेला असावा लागतो. आरंभीची बाजू शिकविण्याचे काम आयटीआय व तंत्रनिकेतनांतील शिक्षकांचे आहे. शेवटच्या बाजूवर लक्ष ठेवण्याचे काम पंचायतीचे व शासकीय यंत्रणेचे आहे. जिल्हा उद्योग केंद्राकडे प्रस्ताव घेऊन जाणाऱ्या तरुणाने या दोन्ही बाजूंचा हिशेब आपल्या अहवालात मांडला, तर पितळेला झळाळी देणाऱ्या या जिल्ह्यास नव्या धातूचे कामही परके वाटणार नाही.